कोकिळाची पंचमी आणि टिकल्यांचा कागद

मी एकतीस वर्षं बोरीच्या शाळेत मास्तरकी केली, हजारभर पोरं घासूनपुसून काढली, आणि आता रोज सकाळी आठ वाजता मला घासूनपुसून काढायला कोकिळा येते. हातात बादली, खांद्यावर माझाच पंचा, आणि तोंड तर विचारूच नका. ते फाटकापासूनच सुरू होतं. "गुरुजी, उठलात का झोपेचं सोंग करायलात?" आता खुब्याचं हाड मोडलेला माणूस सोंग कशाला करील? पण करतो मी कधीकधी. ती चिडली की तिच्या बोलण्याला जी धार येते ना, ती ऐकल्याशिवाय माझा दिवस उजाडत नाही.

मी व्यंकटराव. वय अठ्ठ्याहत्तर. बायको गेली, मुलगा पुण्यात, आणि दोन वर्षांपूर्वी मी मोरीत असा घसरलो की बादली सरळ राहिली आणि मी वाकडा झालो. मुलगा म्हणाला, पुण्याला चला. मी म्हणालो, चौथ्या मजल्यावर बसून कबुतरं मोजायची का मी? मग कोकिळाला बोलावणं गेलं. तेव्हापासून मी तिच्या ताब्यात आहे.

ही कोकिळा म्हणजे माझ्या रामकिशनची बायको. रामकिशन माझा विद्यार्थी, गणितात ढ, पण टेम्पो झकास चालवतो. हिचं माहेर येलदरी. लग्न होऊन आली आणि थोड्याच वर्षांत सासूला अर्धांगवायू झाला. तीन वर्षं हिनं सासूला दर दोन तासांनी या कुशीवरून त्या कुशीवर केलं. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. जिंतूरचे डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्ही शिकलात कुठं? ही म्हणाली, "सासूच्या शिव्या खाऊन."

सासू गेली आणि लोक हिच्या दारात यायला लागले. कोकिळा, आमच्या बापूला जरा बघ. कोकिळा, आमची आई उठंना. आता आमच्या गावाचं असं आहे की तरणी माणसं निम्मी पुण्या-मुंबईला आणि निम्मी दिवाळीनंतर ऊसतोडीला. मागं उरतो आम्ही, खोकणारी मंडळी. ही एकटी कुठं कुठं पुरणार? म्हणून सहा वर्षांपूर्वी तिनं ठरवलं की आपण बाया तयार करायच्या. त्यांना नावही दिलं, सोबतीण. नर्स म्हटलं की लोक सुई मागतात आणि मोलकरीण म्हटलं की भांडी पुढं करतात, म्हणून सोबतीण.

पहिली तुकडी तिनं गावातल्या सहा पोरींची उभी केली. वर्ग माझ्या ओसरीवर. तेव्हा माझं हाड शाबूत होतं, म्हणून पेशंटाचं काम माझ्याकडं. रोज दुपारी मी सतरंजीवर आडवा पडायचो आणि सहा पोरी मला पालथा-उताणा करायच्या. राणी नावाच्या पोरीनं तर मला एकदा ओसरीवरून थेट अंगणात कुशीवर केलं. कोकिळा तिला ओरडली, "अगं, पेशंट हाय तो, ज्वारीचं पोतं न्हाई!" पण पोरी तयार झाल्या बरं का. ताप बघणं, गोळ्यांच्या वेळा, भरवणं, उठवणं, म्हाताऱ्याच्या रागाला न घाबरणं, सगळं शिकल्या. वर्षभरात चौदा घरं त्यांनी सांभाळली.

आणि मग दोन लग्नसरायांत सहाच्या सहा उडाल्या. राणी देवगाव फाट्याला, अबोली सेलूला, रेणुका तर थेट येलदरीला कोकिळाच्याच माहेरगावी, आणि बाकीच्या तिघी अशाच इकडं तिकडं. प्रत्येक लग्नात कोकिळा मांडवात उभी राहून ढसाढसा रडली. बायका म्हणायच्या, किती माया बघा! कसली माया? बाई तिची माणसं चालली म्हणून रडत होती. शेवटच्या लग्नातून आली ती माझ्या ओसरीवर मटकन बसली.

"शिकवायचं आमी आन् सून मिळायची त्यांना," म्हणाली. "सगळी मेहनत पाण्यात गेली, गुरुजी. आता लेक घ्यायची न्हाई. सूनच घ्यायची. सून कुठं जात न्हाई."

मग तिनं बोरीच्या सात सुना धरल्या. सून धरणं म्हणजे आधी तिची सासू धरणं. ईश्वरीची सासू म्हणाली, आमची सून दुसऱ्याच्या म्हाताऱ्याला भरवणार? लोक काय म्हणतील? कोकिळानं वाद घातला नाही. रोज संध्याकाळी तिच्याकडं जाऊन तिचे गुडघे दाबायला लागली. आठ दिवस. नवव्या दिवशी गेली नाही. तर सासूबाई स्वतः लंगडत हिच्या दारात. "कामून आली न्हाईस गं?" कोकिळा म्हणाली, "मला येळ न्हाई, पर तुमच्या सुनेला शिकवते की." झालं! ईश्वरी दुसऱ्या दिवसापासून कामाला, आणि आता सासूच गावभर सांगत हिंडते की माझी सून डॉक्टरच्या वरताण आहे.

तिचा हिशेब ठेवायचा प्रकारही नामी. प्रत्येक म्हाताऱ्याच्या भिंतीवर एक कागद, महिन्याच्या चौकटी आखलेला. शेजारी टिकल्यांचं पाकीट, कपाळावर लावायच्या लाल टिकल्या. दिवसाचं काम पसंत पडलं तर संध्याकाळी म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं त्या दिवसाच्या चौकटीत टिकली चिकटवायची. नाही पसंत पडलं तर चौकट कोरी. लिहिता न येणाऱ्यालाही जमतं. आमचे आबासाहेब, एकेकाळचे सरपंच, आधी म्हणाले, असला बायकी धंदा मी करणार नाही. आता एक दिवस दाढी करायला उशीर झाला तर कागदाकडं बघून मिशीतल्या मिशीत म्हणतात, "आज टिकलीचं काही खरं न्हाई." आणि बाया त्या टिकलीसाठी इतक्या चुरशीनं राबतात की काय सांगू. महिन्याचा पूर्ण भरलेला कागद घेऊन त्या गावातून मिरवतात. सहा वर्षांपूर्वी बाया टिकत नव्हत्या, आता रजा घ्यायला सांगावं लागतं.

फक्त एक रजा सोडून. पंचमीची.

आमच्याकडं नागपंचमी म्हणजे माहेर. भाऊ नाहीतर बाप बहिणीला न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात, आणि मुराळी दारात आला की बाईचे पाय जमिनीवर ठरत नाहीत. झोका, मेंदी, फुगड्या, लाह्या, चार दिवस नुसता धिंगाणा. कोकिळाचा भाऊ भागवत दर वर्षी येलदरीहून मोटारसायकल घेऊन यायचा. ही त्याला जेवू घालायची आणि म्हणायची, "दादा, औंदा न्हाई जमायचं, माझी म्हातारी माणसं हायेत." आणि तो मागची सीट रिकामी घेऊन परत जायचा. एक नाही, दोन नाही, सहा पंचम्या.

या साली त्यानं आठ दिवस आधीच फोन केला. कोकिळा माझी पाठ चोळत होती, म्हणून फोन मोठ्या आवाजावर.

"कोके, आई म्हणाली ते जसंच्या तसं सांगतो. औंदा मुराळी जाईल. ही आली न्हाई तर पुढं जाणार न्हाई. समजंल मी, मला लेकच न्हाई."

कोकिळाचा हात थांबला. साबण माझ्या डोळ्यात चाललेला, पण माझे कान फोनकडं. विमलाबाई, म्हणजे तिची आई, वर्षभरापासून अंथरुणाला खिळलेली. येलदरीत तिला बघते ती रेणुका, तीच पहिल्या तुकडीतली. कोकिळा आईला रोज फोन करते, पण फोनवर कुशीवर करता येत नाही ना.

"येते म्हणून सांग," कोकिळा म्हणाली. "आईची आन. येते."

मी म्हटलं, शाब्बास! आणि तिनं आनंदाच्या भरात माझ्या डोक्यावर अख्खी बादली ओतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या ओसरीवर सोबतिणींची बैठक बसली. कोकिळा म्हणाली, मी चार दिवस माहेरी चाललेय, माझी तीन घरं तुम्ही वाटून घ्या. सगळ्या पदराशी चाळा करायला लागल्या. एकमेकींकडं बघेनात. शेवटी ईश्वरी म्हणाली, "ताई, पर मला तर तुमी सोडलंय की पंचमीला. कुनाला सांगू नको म्हणाला व्हतात."

दुसरी म्हणाली, "आगं, मला बी तसंच म्हणाल्या!"

तिसरी म्हणाली, "मला तर होळीलाच सांगितलं व्हतं!"

आणि मग जो गलका उठला! सातच्या सात. या बाईनं वर्षभरात सातही जणींना गुपचूप कबूल केलेलं. एखादी रुसली, कंटाळली, काम सोडते म्हणाली, की ही तिला कोपऱ्यात नेऊन म्हणायची, थांब बाई, पंचमीला तुला एकटीला सोडते, पण कुणाला सांगू नको. आणि त्या बायांची इमानदारी बघा, एकीनंही सांगितलं नाही! शाळेत मी इतकं गुपित कुणाकडून पाळून घेतलं नाही. मला हसू आवरेना. हसून हसून माझा खुबा दुखायला लागला. सगळ्या सुना म्हणजे सगळ्यांची माहेरं बाहेरगावी, आणि पंचमी काय हप्त्याहप्त्यानं येते? हे या शहाणीच्या डोक्यात आलंच नाही.

पण कोकिळा हसली नाही. बाया गेल्यावर खांबाला टेकून बसली, आणि डोळ्याला पदर. सांभाळायला सतरा घरं आणि माणूस एकही नाही.

"शब्द दिलाय त्यांना," ती म्हणाली. "मोडला तर एक बी टिकायची न्हाई, आन् टिकू बी नये. मीच ऱ्हाते. दादाला फोन करते, येऊ नको म्हणून."

"खबरदार!" मी असा ओरडलो की शेजारची शेळी उठून उभी राहिली. "तो फोन खाली ठेव. अर्धवट! मला आधी विचार करू दे."

राग आला की माझं डोकं चालतं, हा माझा जुना गुण आहे. डोळे मिटले आणि शाळेचं हजेरीपुस्तक डोळ्यांपुढं आलं. मुलींचा रकाना. मी विचारलं, "कोकिळा, बोरीच्या सुना पंचमीला बाहेरगावी जातात. बरोबर? मग बोरीच्या लेकी पंचमीला कुठं जातात?"

ती माझ्याकडं बघत राहिली. नाक ओढलं. मग उभी राहिली. मग पुन्हा बसली. मग अशी किंचाळली की शेळी दावं तोडून पळाली.

"गुरुजी! राणी! अबोली! रेणुका! अगं बाई, सगळ्या इकडंच यायच्या की! माझी पहिली तुकडी!"

मग काय, फोनवर फोन. राणीची सासू म्हणाली, माहेरी विसाव्याला चाललीय का राबायला? राणीनं मागून फोन हिसकावला आणि म्हणाली, "ताई, मी हाय! गुरुजींना सांगा, ह्या बारीला अंगणात टाकत न्हाई!" अबोलीला मुराळी नव्हता, भाऊ ऊसतोडीच्या मुकादमाकडं कामाला. रामकिशन म्हणाला, मी होतो मुराळी. मग दुसरीलाही आणतो म्हणाला, मग तिसरीलाही. असं करत करत सहा बहिणींचा एकच भाऊ टेम्पो धुऊन, त्याला फुगे बांधून तयार. सहा जणी झाल्या, सातवी कमी पडत होती, तर ईश्वरीची सासू कमरेला पदर खोचून उभी. "मला काय येत न्हाई का? सुनेचं बघून बघून शिकले मी."

रेणुकाचा फोन मात्र लांबला. ती म्हणाली, "ताई, मी बोरीला आले तर तुमच्या आईजवळ कोण?"

"मी हाय की," कोकिळा म्हणाली. "चार दिवस मीच आईची सोबतीण."

मग माझ्याकडं वळून छाती पुढं काढून म्हणाली, "सगळ्यांना मी शिकवलंय, गुरुजी. बगा, आईकडून चारच्या चार टिकल्या घेऊन येते का न्हाई. कागद दाखवीन तुमाला."

पंचमीच्या आदल्या सकाळी बोरीच्या फाट्यावर जो तमाशा झाला तो मी खुर्चीत बसून पाहिला, रामकिशननं मला खुर्चीसकट टेम्पोत चढवून नेलं होतं. इकडून सात सुना नटूनथटून निघालेल्या, तिकडून सहा लेकी उतरलेल्या, मध्ये नऊ मुराळी आणि मुलंबाळं. आणि भर रस्त्यात ह्या त्यांना कामं सोपवायल्या. "आबासाहेबांची गोळी नाश्त्यानंतर." "पारूआजीला डाव्या कुशीवर जास्त ठेवू नका." एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि शेवटी खाली उतरून ऐकत उभा राहिला. भागवत मोटारसायकलवर बसलेला, चेहरा फुलून आलेला, सारखी मागची सीट रुमालानं पुसत. कोकिळा सीटवर बसली, उतरली, काहीतरी सांगून आली, बसली, पुन्हा उतरली.

"कोकिळा!" मी ओरडलो. "आता उतरलीस तर बघ!"

मग गेली. वळणापर्यंत हात हलवत गेली, आणि मी, खोटं कशाला बोलू, मोटारसायकल दिसेनाशी झाली तरी हात हलवत बसलो.

ते चार दिवस! माझ्या ओसरीला झोका बांधला. पहिली तुकडी सकाळी कामं उरकायची आणि दुपारी सतरा घरच्या म्हाताऱ्यांना माझ्याकडं गोळा करायची, चालत येणारे चालत, न चालणारे टेम्पोतून. पारूआजीला दोघींनी धरून झोक्यावर बसवलं. वय पंच्याऐंशी, तोंडात एक दात, आणि म्हणते काय, "आजून वर!" पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, म्हणून आबासाहेबांच्या दाढीवरून खडाजंगी झाली. ते म्हणाले दाढी कापण्यात मोडत नाही. राणी म्हणाली मोडते. गावातल्या जाणत्यांना विचारून कौल राणीच्या बाजूनं लागला, आणि आबासाहेब तोंडावर खुंट घेऊन बसले. तरी संध्याकाळी टिकली लावली त्यांनी. एक नाही, दोन लावल्या. मला लाह्या भिजवून भरवल्या, फुगडीत माझा वॉकर घेऊन अबोली नाचली. रेणुका माझ्याकडं होती. मी तिला विचारलं, विमलाबाई टिकली देतात का गं? ती म्हणाली, "रोज देतात. एक दिवस चुकवला न्हाई. लय समजूतदार हायेत." मी म्हटलं, मग कोकिळाची चार नक्की.

पाचव्या दिवशी सकाळी आठ वाजता फाटक वाजलं. बादली वाजली. पण तोंड वाजलं नाही.

मी सोंग सोडून उठून बसलो. कोकिळानं पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या मांडीवर टाकला. चार चौकटी. चारही कोऱ्या.

"एक न्हाई, गुरुजी. चार दिवस हलले न्हाई तिच्याजवळून. न्हाऊ घातलं, केस विंचरले, पाय दाबले, खीर भरवली, धरून धरून झोक्याजवळ नेली. रोज सांजच्याला पाकीट पुढं करायचे, आन् ती तोंड फिरवायची." तिनं पदरानं नाक पुसलं. "सहा वर्षांचा राग काढला तिनं. रेणुकाला रोज टिकली आन् मला कोरा कागद. परक्या पोरीचं गोड लागलं, माझं न्हाई."

"तू विचारलंस का?"

"कशाला विचारू? कळतंय की."

हे मात्र माझ्या सहनशक्तीच्या बाहेरचं होतं. "तुझ्या बायांची टिकली चुकली की तू त्यांना काय सांगतेस? जाऊन विचार, रुसून बसू नको, असंच ना? लाव फोन!"

तिनं लावला नाही. मग मीच तिच्या हातातून घेऊन लावला. मोठ्या आवाजावर. पलीकडं आधी रेणुका, नुकतीच पोचलेली, मग खोकला, मग विमलाबाई.

"विमलाबाई, मी बोरीचा व्यंकटराव मास्तर. तुमच्या लेकीचा कागद माझ्यापुढं आहे. चारही चौकटी कोऱ्या. काय चुकलं तिचं?"

"चुकलं? काय बी न्हाई चुकलं."

"मग टिकली का नाही लावलीत?"

मग म्हातारी माझ्यावरच चिडली.

"आवो मास्तर, टिकली कामाला असती. रेणुका कामाला येती, तिला देते. ही काय कामाला आली व्हती का? मुराळी धाडून आणली मी तिला. माहेरपणाला आली व्हती माझी लेक."

कोकिळा बादलीच्या काठावर बसली. बादली कलंडली, पाणी सगळ्या खोलीभर, तिची साडी भिजली, माझे पाय भिजले. ती रडत होती का हसत होती ते मला सांगता येणार नाही, दोन्हीचा आवाज तिचा सारखाच येतो.

"आई," ती फोनमध्ये ओरडली, "अगं मग बोलायचंस तरी!"

"सहा वर्षांनी आलीस, बोलायला येळ कुठं दिलास? उठली की पाय दाब, बसली की केस विंचर. पुढच्या पंचमीला कागद घरी ठिवून ये."

तो कागद मी तिला परत दिला नाही. माझ्या भिंतीवर माझ्या कागदाशेजारी लावलाय. त्या दिवशी माझी आंघोळ अकरा वाजता झाली, पाणी गार, आणि साबण कानात राहिला. तरी संध्याकाळी मी टिकली लावली.